लहानपणापासून वेंधळी

जयेंद्रगंज, लष्कर-ग्वाल्हेर
९ ऑक्टोबर १९३३

प्रिय दादा,

तुझं पार्सल परवा मिळालं. दोन्ही बाटल्या शाबूत आल्या. तू लिहितोस तसंच टॉनिक घेते, सकाळ-संध्याकाळ मोठा चमचा पाण्यातून. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, एक वेळ चुकवली नाही असं लिहिणार होते. पण तसं अगदी नाही. ते राहू दे.

इकडे ह्यांची भिंडला बदली व्हायची होती ती जमीन-महसुलाच्या बंदोबस्त कचेरीच्या साहेबांनी तूर्त थांबवली. सासूबाईंचं ठीक आहे. थोरल्या जाऊबाई, विजयाबाई, मात्र दसऱ्यानंतर हिवतापानं पडल्या. भावजी गेल्यापासून त्यांनी उपासांनी शरीर वाळवून घेतलंय, त्यात हा ताप. शरयू त्यांच्या उशाशी बसून होती. "आई, थोडंसं दूध तरी घेऊन घे ना," असं तिचं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मला ती काकू म्हणते ते तुला ठाऊकच आहे. पोटची पोर काकू म्हणते याचं आता मी मनाला लावून घेत नाही. ज्या हातात पोर सुखरूप वाढली त्यांना ती आई म्हणणारच. सातवं सरून आठवं चालू आहे तिला. थंडीत पायाचं भाजलेलं कातडं ओढतं, मग जास्त लंगडते. तेवढं तेल मी दुरूनच विजयाबाईंच्या हाती देते.

जाऊबाईंना तपासायला पेणकर म्हणून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मूळच्या कोकणातल्या, बेने इस्राएल यहुदी. मराठी आपल्यासारखीच बोलतात. इथे कोपऱ्यावरच त्यांनी दवाखाना घातला आहे. त्या हात धुवायला उठल्या, मी तांब्या घेऊन उभी होते. पुढचं मला कळलं ते असं, की मी पाटावर बसलेली, पाणी जमिनीवर, आणि बाईंची बोटं माझ्या मनगटावर.

"आत्ता कुठला वास आला का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

दादा, मी चकितच झाले. वास आला होता. दूध करपल्याचा. मला येतो तो नेहमी. घरात त्यावरून माझी थट्टासुद्धा होते. पण परक्या बाईला कसं कळावं?

मग त्यांनी माझ्या कपाळावरच्या आणि पाठीवरच्या पुटकुळ्या पाहिल्या आणि औषध काय घेता म्हणून विचारलं. मी अभिमानानं तुझी बाटली दाखवली. त्यांनी बोटावर थेंब घेऊन चाटला. "भाऊ डॉक्टर आहेत? मग त्यांनी सांगितलंच असेल," म्हणाल्या. मी म्हटलं, काय? त्यावर त्यांनी बॅग मिटली.

तर टॉनिकात काय काय असतं ते एका कागदावर लिहून पाठव, म्हणजे त्यांना दाखवीन. तुझ्या वनूची पत्रिका कुठे जुळते आहे असं वहिनीनं लिहिलं होतं. सोळा वर्षांची झाली ना ती? मला अजून परकरातलीच दिसते.

तुझी
शामला


२१ नोव्हेंबर १९३३

दादा,

तुझं उत्तर चौथ्या दिवशी आलं. एवढ्या लवकर तू मला कधीच लिहिलं नव्हतंस. ती बाई अर्धवट शिकलेली आहे, तिला बाटली दाखवू नकोस, पुटकुळ्या रक्त शुद्ध होताना येतातच, असं तू लिहिलंस. औषधाचं नाव मात्र लिहिलं नाहीस. मी दहा दिवस तुझं ऐकलं. अकराव्या दिवशी जाऊबाईंना दाखवायचं निमित्त करून दवाखान्यात गेले.

बाईंनी मला दीड तास तपासलं. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, तळव्यावर किल्ली ओढली, डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं. सरळ रेघेवरून चालवलं. डोळे बांधून कापूर, लवंग, कॉफी हुंगायला दिली. सगळं ओळखलं मी. मग अंधार करून आरशाच्या यंत्रानं डोळ्याच्या आत पाहिलं. मेंदूत गाठ असती तर तिथे सूज दिसली असती, म्हणाल्या. नाही दिसली. लहानपणचं विचारलं. दीड वर्षाची असताना तापात मी दोन घटका झटके देत होते असं आई सांगायची, ते सांगितलं. बाराव्या वर्षी एकदा जीभ चावून जागी झाले होते तेही सांगितलं. तू तेव्हा डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला होतास आणि सुट्टीत घरी आला होतास. "काही नाही, ताप होता," असं तूच मला म्हणाला होतास.

"आता घरातलं कोणी हवं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला जे दिसत नाही ते त्यांनी पाहिलेलं असतं."

विजयाबाई बाहेर बाकावर होत्या. त्यांना आत बोलावलं.

"ही मधेच थांबते," त्या सांगू लागल्या. "डोळे उघडे असतात, पण आपल्याकडे नसतात. सुपारी चघळावी तसं तोंड हलवते. पदर चिवडते. हातात काही काम असलं तर ते चालूच ठेवते, पण भलतंच. हाक मारली तर ओ नाही. दोन मिनिटांनी म्हणते, दूध उतू गेलं का? आम्ही म्हणतो, आली शामलाबाई गावाला जाऊन."

"कधीपासून?"

"लग्न होऊन आली तेव्हापासून. महिन्यातून एकदा, कधी चारदा."

दादा, मी शेजारीच बसले होते. सव्वीस वर्षं मी या शरीरात राहते आहे आणि त्याची हकिकत शेजारणीची ऐकावी तशी ऐकत होते. मला फक्त वास ठाऊक होता. पुढची दोन मिनिटं माझ्या हिशेबी नव्हतीच.

मग बाईंनी तुझं टॉनिक काचेच्या नळीत ओतलं आणि दुसऱ्या एका बाटलीतले चार थेंब त्यात टाकले. दूध फाटावं तसं ते फाटलं आणि तळाशी फिकट पिवळा साका बसला.

"हे ब्रोमाइड आहे. यानं रक्त वाढत नाही. अपस्मारावर देतात हे. वास तुमच्या नाकात नसतो, बाई, मेंदूत असतो. इथे, कानशिलाच्या आत. तिथे बिघाड सुरू झाला की आधी वास येतो आणि मग भान जातं."

मी विचारलं, "म्हणजे फेफरं? मला?"

"हो. आणि ज्यांनी हे औषध लिहून दिलं त्यांना रोगाचं नाव ठाऊक होतं."

त्या आता नवीन औषध सुरू करणार आहेत, ल्युमिनल नावाचं. पण तुझं हळूहळू कमी करत. "एकदम बंद मुळीच करायचं नाही," त्यांनी दोनदा बजावलं. "अचानक थांबवलं की झटके उसळून येतात."

ते ऐकलं आणि मला एक गोष्ट आठवली. ती आज लिहिता येत नाही.

एवढंच विचारते. तुला ठाऊक होतं का?

शामला


१८ डिसेंबर १९३३

दादा,

चार पानं लिहिलीस. त्यात "होय" हा शब्द शोधायला मला तिसऱ्या पानापर्यंत जावं लागलं.

बाबा गेले होते, तू नुकताच दवाखाना थाटला होतास, ग्वाल्हेरचं चांगलं घराणं चालून आलं होतं. "खरं सांगितलं असतं तर तुझ्याशी लग्न कोणी केलं असतं?" असं तू विचारतोस. कोणी केलं नसतं कदाचित. मग मी आईजवळ राहिले असते, मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं असतं. पण सासरच्यांना नाही सांगितलंस ते एक वेळ समजू शकते. मला का नाही सांगितलंस? माझ्याच आजाराची चोरी माझ्यापासून?

"तू घाबरली असतीस," असं लिहिलं आहेस. आता वाच, न घाबरता मी काय केलं ते.

शरयू झाली तेव्हा मी तुझं टॉनिक घेतच होते. पोर दिवसभर ग्लानीत असायची. दूध प्यायला उठवावी लागायची. मला वाटलं, टॉनिकानं मला सुस्ती येते, तीच दुधातून हिला येत असेल. पेणकरबाई म्हणतात की माझं अनुमान बरोबर होतं. मला तुझा धाक होता म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. पण ती दहा महिन्यांची असताना बाटली मोरीत ओतू लागले. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा, बिनचूक. चार दिवसांत पोर टवटवीत झाली. हसायला लागली. मी किती खूश होते! रक्तवर्धकच ना, नाही घेतलं तर रक्त थोडं कमी वाढेल, एवढीच माझी समजूत.

तिसऱ्या आठवड्यात मी तिला न्हाऊ घालत होते. पाय पसरून, पोर पायांवर पालथी घालून, आईनं शिकवलं होतं तसं. बंबातलं कढत पाणी एका बाजूला, गार दुसऱ्या बाजूला. दूध करपल्याचा वास आला. मग सासूबाई माझ्या हातातून तांब्या हिसकत होत्या.

ती किंकाळी मी ऐकलीच नाही, दादा. सगळ्या गल्लीनं ऐकली, मी नाही. सासूबाई आत आल्या तेव्हा मी गार पाण्याचं विसण न घालता कढत पाणी पोरीच्या पायावर ओतत होते आणि तोंडानं काहीतरी चघळत होते. "राक्षसीण खात बसावी तशी," असं त्या नंतर म्हणाल्या.

तार गेल्यावर तू इंदूरहून आलास. तू पट्ट्या बांधल्यास आणि पोर वाचली. त्यासाठी मी सात वर्षं देवाजवळ तुझं नाव घेत आले. आणि त्याच संध्याकाळी ह्यांनी ओसरीवर तुला विचारलं, "रमाकांतराव, हिला काही आजार तर नाही ना? आई म्हणते, डोळे विचित्र होते."

मी दाराआड होते. तू हसलास. म्हणालास, "छे! आजार कसला? लहानपणापासून वेंधळी आहे. लक्ष म्हणून नसतं कशात. आईनं शंभरदा कान उपटले तिचे."

तुझ्या त्या एका वाक्यावर माझी शिक्षा ठरली. आजारी नाही, म्हणजे निष्काळजी. दुसऱ्या दिवशी शरयूचा पाळणा जाऊबाईंच्या खोलीत गेला. मी हरकत घेतली नाही. मलाही पटलं होतं. कुठल्या आईचं लक्ष असं जातं? मी विहिरीपर्यंत दोनदा गेले होते, तुला ते ठाऊक नाही. दोन्ही वेळा कोणीतरी पाणी भरायला आलं.

तू मला पाहिलंस तेव्हा मी माझ्या खोलीत भिंतीशी बसले होते. तू जवळ येऊन म्हणालास, "टॉनिक नियमित घेत जा हं." मी मान हलवली. तुला त्या क्षणी कळलं होतं ना, की मी बंद केलं होतं? तू डॉक्टर आहेस. कळलं असणारच.

त्यानंतर मी एक चमचाही चुकवला नाही. पोरीचा पाय मात्र गेलाच होता.

शामला


२ मार्च १९३४

दादा,

तू दर आठवड्याला लिहितोस आणि प्रत्येक पत्रात एकच विनवणी, की झालं ते झालं, आता तोंड उघडू नकोस. तुझ्याच संसाराची माती होईल, असं म्हणतोस.

मी तीन महिने तोंड उघडलं नाही. तुझ्यासाठी नव्हे, भीतीनं. निष्काळजी बायकोला घरात ठेवतात. फेफरेवालीला ठेवतील याचा भरवसा नव्हता. रोज एका पारड्यात हे घर आणि दुसऱ्यात माझं निरपराधपण टाकून बघत होते. नवीन गोळीनं वास येणं जवळजवळ थांबलं, डोक्यावरची गोधडी कोणी काढून घ्यावी तसं वाटू लागलं. आणि जसजशी जाग आली तसतशी गप्प राहणं कठीण झालं.

संक्रांतीनंतर एकदा शरयू अंगणात सागरगोटे खेळत होती. शेजारची मुलगी म्हणाली, "तेरा पैर किसने जलाया?" शरयू सहज म्हणाली, "काकूने." रागानं नव्हे, गाईचा रंग सांगावा तसं.

त्याच दिवशी हे कचेरीतून आल्यावर मी सगळ्यांना माजघरात बसवलं. पेणकरबाईंनाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, झटका कसा येतो ते सांगितलं, बाटलीचं सांगितलं. बाकीचं मी सांगितलं. मोरीत ओतल्याचंसुद्धा.

ह्यांनी एकच प्रश्न विचारला. "रमाकांतरावांना हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं?"

"हो."

"म्हणजे आम्हाला फसवलं." आणि उठून गेले. "आम्हाला" म्हणाले, दादा. त्या "आम्ही"मध्ये मी नव्हते. मला वाटलं होतं, ते एकदा तरी माझ्याकडे बघून म्हणतील, तुझा दोष नव्हता. अजून म्हणाले नाहीत. बाहेरच्या खोलीत झोपतात. जेवताना "मीठ" एवढाच शब्द बोलतात.

सासूबाई म्हणाल्या, "मिरगीवाली गळ्यात बांधली आणि वर हसत जेवून गेला! पोचवून या हिला इंदूरला." तेव्हा हे परत आले आणि म्हणाले, "नाही. कुठेही जाणार नाही ती." तेवढं एक त्यांच्या नावावर जमा आहे.

सगळ्यांत मोठा धसका मला विजयाबाईंचा होता. माझा दोष पुसला गेला तर हातातलं पोर जाणार ते त्यांचंच. विधवा बाईला दुसरं आहे काय? त्या तोंडाला पदर लावून बसून होत्या. मग शरयूला हाक मारली, समोर बसवली आणि म्हणाल्या, "बाळ, मी तुला आजवर खोटं सांगितलं. मुद्दाम नाही, मलाही ठाऊक नव्हतं. काकूनं तुला भाजलं नाही. काकूला तेव्हा झटका आला होता. ती तिथे नव्हतीच."

शरयूनं आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. "मग कुठे गेली होती?" म्हणाली.

पेणकरबाई म्हणाल्या, "ते तिलाही माहीत नाही. म्हणूनच तिला रागवायचं नसतं."

शरयू अजून जाऊबाईंच्याच खोलीत झोपते. चूल आणि पाणी या दोन्हींजवळ मी एकटी असताना मूल असू नये, असं पेणकरबाईंचंही मत आहे, आणि ते बरोबर आहे. पण आता तिच्या पायाला तेल मी लावते. पहिल्या दिवशी तिनं पाय आखडून घेतला. दुसऱ्या दिवशी नाही.

तुझ्या बाटल्या परत पाठवल्या आहेत.

शामला


११ मे १९३४

डॉक्टर रमाकांतराव यांस,

चि. वनमालेच्या विवाहाचं आमंत्रण मिळालं. सोळा जूनचा मुहूर्त समजला. सोबत वहिनींची चिठ्ठी होती. त्या बिचारीनं सरळ मनानं लिहिलं आहे: "वनूला अधूनमधून घेरी येते, हाक मारली तरी ऐकू जात नाही. पण ह्यांनी तुमचंच टॉनिक तिला चालू केलं आहे, काळजी नाही."

ती चिठ्ठी मी पेणकरबाईंना दाखवली. मुलीला पाहिल्याशिवाय रोगाचं नाव सांगणार नाही, म्हणाल्या. असला आजार घराण्यात उतरतोच असं नाही, कधी उतरतो, असंही म्हणाल्या. पण डॉक्टर, आपण तिला पाहिलं आहे. आपण तर रोज पाहता.

माझ्या वेळी आपण पंचवीस वर्षांचे होतात, घाबरलेले होतात. मी तसं समजून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. आता आपण सदतीस वर्षांचे आहात आणि माझ्या मुलीचा पाय आपण स्वतःच्या हातांनी बांधला आहे. तरी पुन्हा तीच बाटली, तेच नाव, तीच लग्नघाई.

वनूला आणि मुलाकडच्यांना मुहूर्ताआधी सांगा. पंधरा दिवस वाट पाहीन. नाहीतर मी सांगेन.

शामला


२७ मे १९३४

चि. वनमाला हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला एकटीला आहे. तुझ्या आत्येला झालेला एक आजार आहे. तो तुला आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण तुझे बाबा तुला जे औषध देतात ते त्याच आजाराचं आहे. घेरी येण्याआधी तुला कसला वास येतो का, पोटातून काही वर चढल्यासारखं वाटतं का, ओळखीची जागा एकदम परकी वाटते का? तसं होत असेल तर भिऊ नकोस. तू वेडी नाहीस, तुझ्यात भूत नाही, यात तुझं काही पाप नाही. मेंदूच्या एका कोपऱ्यात थोडी गडबड होते आणि दोन मिनिटांत थांबते. त्यावर नवीन, चांगलं औषध निघालं आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेव. टॉनिक आपल्या मनानं कधीही एकदम बंद करू नकोस. आणि ज्याच्या घरी जाशील त्याला हे ठाऊक असल्याशिवाय बोहल्यावर उभी राहू नकोस. लग्न मोडलं तर मोडेल. पोरी, मोडलेल्या लग्नापेक्षा वाईट गोष्टी मी पाहिल्या आहेत. त्यातली एक रोज माझ्यासमोर शाळेला जाते, लंगडत.

तुला राग आला तर माझ्यावर काढ. पण उत्तर लिही.

तुझी आत्या
शामला


५ जून १९३४

डॉक्टर रमाकांतराव यांस,

वनूला लिहिलेलं पत्र आज परत आलं. पाकीट फोडून पुन्हा चिकटवलं आहे आणि वर "घेणार नाही" असं आपल्या अक्षरात आहे. ते अक्षर मी झोपेतही ओळखीन. मला मुळाक्षरं आपणच गिरवायला शिकवली होतीत.

आम्ही शुक्रवारी इथून निघतो. भोपाळला गाडी बदलून उज्जैनमार्गे रविवारी इंदूरला पोचू. लग्नाला सहा दिवस राहतील, तेवढे पुरे आहेत. ह्यांना मी येण्याबद्दल विचारलं नाही. कुठे जाते ते फक्त सांगितलं. म्हणाले, "गोळ्यांची पुडी वर ठेव, ट्रंकेच्या तळाशी नको." पाच महिन्यांतलं हे त्यांचं सर्वांत मोठं वाक्य.

विजयाबाई बरोबर येत आहेत. पेणकरबाईंनी इंदूरच्या एका डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी दिली आहे, वनूला तिथे नेऊ. आपण दारातून परतवलंत तर मी मुलाकडच्यांच्या दारात जाईन. पत्ता आमंत्रणावरच आहे. वनूनं मला जन्मभर शिव्या दिल्या तरी चालतील, तिला ठाऊक असून दिलेल्या असतील.

शरयूही येते आहे. तिला नेऊ नये असं सासूबाईंचं म्हणणं होतं. गाडीत काही झालं तर विजया एकटी हिला सांभाळेल की पोरीला, म्हणाल्या. शरयू तिथेच शाळेची पाटी पुसत बसली होती.

"काकूला झटका आला तर मला मालूम आहे काय करायचं," ती म्हणाली. "तिला पकडायचं नाही. खिडकीपासून सरकवायचं. आरडाओरड करायची नाही. बस, जवळ बसून राहायचं."

"आणि मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय? परत येते ती," शरयू म्हणाली, आणि पाटी पुसत राहिली.

स्टेशनवर कोणी येण्याची जरूर नाही. घर मला ठाऊक आहे.

शामला